ग्रेड ५ पास, तरी समोरचं पान वाजवता येईना! साइट-रीडिंग अवघड का जातं आणि जमतं कसं?

डिसेंबरची संध्याकाळ. वसईतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू होती. ‘आमचा कीबोर्डवाला आजारी पडलाय, तू तर परीक्षा वगैरे दिल्यात ना?’ म्हणत ऑफिसमधल्या मित्राने मला ओढून नेलं होतं.

समोर दोन पानं आली. साधं मराठी गीत, सोपी चाल, एकच शार्प. गाणारे वीसेक जण उभे. मी पहिला बार वाजवला, चुकलो, थांबलो, दुरुस्त केला. दुसऱ्या बारला पुन्हा तेच. तोवर गाणारे पुढच्या ओळीत पोहोचले होते.

शेवटी मागच्या बाकावरून एक निवृत्त काका उठून आले. “सरक रे बाळा जरा.” चष्मा लावला, पानावरून एकदा नजर फिरवली आणि वाजवायला लागले. डाव्या हातातले निम्मे सूर त्यांनी गाळले, दोन-तीन चुकीचेही लागले, हे मला कळत होतं. पण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही अडखळलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, “चुकलास तरी चालतं. थांबू नकोस. गाणारे कुणासाठी थांबत नाहीत.”

माझ्याकडे ग्रेड ५ चं सर्टिफिकेट आहे. त्या गाण्याच्या तिप्पट अवघड रचना मी परीक्षकासमोर वाजवल्या आहेत. मग पहिलीच्या पुस्तकासारखं ते पान मला का वाचता आलं नाही? त्या रात्री विरारवरून परतताना लोकलमध्ये हाच प्रश्न डोक्यात होता. गेल्या वर्षभरात त्याचं जे उत्तर मिळालं, ते कीबोर्ड, पियानो, व्हायोलिन किंवा गिटार नोटेशनवरून शिकणाऱ्या अनेकांना लागू पडेल.

साइट-रीडिंग म्हणजे नेमकं काय?

पूर्वी कधीही न पाहिलेलं स्वरलेखन समोर ठेवायचं आणि तालीम न करता, ठरलेल्या लयीत वाजवायचं किंवा गायचं. बस, एवढंच. पाच रेषांवरच्या ठिपक्यांची नावं ओळखता येणं म्हणजे साइट-रीडिंग नव्हे. ती झाली अक्षरओळख. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरं येतात म्हणून कुणी बातमी वाचत नाही. स्वारगेटची बस येते तेव्हा आपण पाटी अक्षर-अक्षर लावून वाचतो का? शब्दाचा आकार दिसला की पुरे.

संगीतातही हेच होतं. चांगला वाचणारा ‘हा सी, हा ई, हा जी’ असं करत नाही. एकाखाली एक रचलेले तीन ठिपके दिसले की त्याची बोटं आपोआप त्या आकारात येतात. सूर दोन पायऱ्या वर गेला, एक खाली आला, मग तीच नक्षी पुन्हा आली, असं तो पाहतो.

याचा एक गमतीशीर पुरावा आहे. पियानोवादक बोरिस गोल्डोव्स्की यांच्याकडे वाचनात कच्ची असलेली एक विद्यार्थिनी ब्राम्सची एक रचना वाजवत होती. एका ठिकाणी तिचा सूर चुकला. त्यांनी पुस्तकात पाहिलं तर चूक तिची नव्हतीच, छपाईची होती! ती एकेक सूर लावून वाचत होती म्हणून जे छापलंय तेच तिने वाजवलं. नंतर गोल्डोव्स्कींनी हेच पान मुरलेल्या वाचकांसमोर ठेवलं, यात छपाईची चूक आहे असं सांगूनही पाहिलं. त्यांना ती सापडेना. तिथे कोणता सूर असायला हवा हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की डोळ्यांनी चूक पाहिलीच नाही. डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चार जणांनी तपासलेल्या मथळ्यातला काना गायब असल्याचं पाचव्या वाचकाच्या कमेंटमधून कळतं.

डोळे पुढे, हात मागे

व्हिडिओ बफर होतो तसंच इथेही असतं. स्क्रीनवर एक सेकंद दिसत असताना फोनने पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. वाचणाऱ्याचे डोळेही हाताच्या पुढे चालतात. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये हे मोजलं. वादक वाजवत असताना मध्येच पान दिसेनासं करायचं आणि त्यानंतर तो किती सूर बरोबर वाजवतो ते मोजायचं. चांगले वाचक जवळपास सात सूर वाजवू शकले, कच्चे तीन-चार. संगीतातलं वाक्य जिथे संपतं, तिथपर्यंत चांगल्या वाचकांची ही उडी लांबायची किंवा आखडायची, हेही त्यात दिसलं.

आता माझं वसईतलं वाजवणं आठवा. चूक झाली की मी थांबून ती दुरुस्त करत होतो. म्हणजे डोळे पुढच्या सुरावरून उचलून मागच्या सुरावर नेत होतो. बफर रिकामा. मग पुन्हा चूक, पुन्हा थांबणं. मला सूर वाचता येत नव्हते असं नाही, मला पुढे जाता येत नव्हतं. आणि ही सवय मला शिस्त म्हणून लावली गेली होती. आठवीपासून क्लासमध्ये एकच वाक्य ऐकलंय, ‘चुकलं, परत पहिल्यापासून.’

२१ मार्क ऑप्शनला

क्लासचंही पूर्ण चुकलं असं म्हणणार नाही. परीक्षेची रचनाच तशी आहे. आपल्याकडे शहरांमध्ये लोकप्रिय असलेल्या एबीआरएसएमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० गुण असतात, उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. तयार करून आणलेल्या तीन रचनांना ३० प्रमाणे ९० गुण, साइट-रीडिंगला २१. पान पाहायला अर्धा मिनिट मिळतो. प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही, एकूण बेरीज पुरते.

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला यावरून काय सुचेल? अवघड युनिट ऑप्शनला टाका! मी तेच केलं. वर्षभर तीन रचना घोकायच्या, स्केल्स पक्क्या करायच्या, साइट-रीडिंगमध्ये जे पडेल ते पडेल. वर्षाला तीन रचना म्हणजे पाच वर्षांत पंधरा. पाच वर्षांत फक्त पंधरा धडे वाचलेल्या मुलाला सोळावा धडा वाचता यावा, ही अपेक्षा कुठून करायची?

२०२० मध्ये याच मंडळाने व्हिडिओ पाठवून देण्याच्या परफॉर्मन्स ग्रेड्स आणल्या. त्यात चार रचना वाजवायच्या असतात, साइट-रीडिंग नाहीच. ज्यांना परीक्षा केंद्र लांब पडतं, त्यांची सोय झाली, हे खरं. पण माझं मत स्पष्ट आहे. जो क्लास फक्त याच मार्गाने मुलांना वर चढवतो, तो पालकांना सर्टिफिकेट देतो आणि मुलाला शिक्षकावर अवलंबून ठेवतो. नवं गाणं हवं असेल तर पुन्हा क्लास किंवा यूट्यूबवर वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या. त्या पट्ट्यांवरून एक गाणं बसतं, दुसऱ्या गाण्यासाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

मुंबईच्या स्टुडिओत यावर पोट चालायचं

हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा वाद्यमेळ आठवा. चाल संगीतकाराची, पण कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं हे कागदावर उतरवायचे अरेंजर. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यातली मोठी नावं, तिघंही गोव्याचे. व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोनच्या खुर्च्यांवरही गोव्याचे वादक मोठ्या संख्येने असत. सकाळी कागद हातात, थोड्या तालमी आणि टेक. गायक आणि वादक सगळे एकत्र रेकॉर्ड होत असल्याने एकाचा घोटाळा झाला की सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून. घरी नेऊन बसवतो म्हणायची सोय नव्हती. (तबकडीवर या वादकांची नावं सहसा नसत, तो विषय वेगळ्या लेखाचा.)

ही तयारी आली कुठून? पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सोल्फा शिकवलं जाई. हाताने मात्रा मोजत स्वरांची नावं म्हणायची, गायची. वाद्य नंतर. म्हणजे आधी डोळा, कान आणि लय, शेवटी बोटं. आपल्या बहुतेक क्लासमध्ये हा क्रम उलटा आहे. पहिल्याच दिवशी बोटं कुठे ठेवायची ते सांगतात, पानाकडे पाहायची वेळ फार उशिरा येते. याच गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून त्यांनी गुरूचं नाव घरोघरी पोहोचवलं.

पण आपलं संगीत तर कानावर चालतं ना?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. पलुसकर आणि भातखंडे दोघांनी स्वरलिपी तयार केल्या, पण त्या बंदिश जपायला आणि शिकवायला. मैफलीत कुणी समोर वही ठेवून राग वाचत नाही. ज्याला फक्त ख्याल गायचा आहे, त्याने पाच रेषांचा ध्यास घेतलाच पाहिजे असं अजिबात नाही.

पण हार्मोनियमच्या साथीदाराकडे नीट पाहा. गायक पुढची तान कुठे नेणार हे त्याला ठाऊक नसतं. तरी तो मागोमाग असतो, एखादी जागा निसटली तर सोडून देतो आणि समेवर हजर होतो. तो थांबून ‘परत घ्या बुवा’ म्हणत नाही. काकांनी केलं ते हेच, फक्त कानाऐवजी डोळ्यांनी. संशोधनातही याला आधार आहे. आंद्रेयास लेमान आणि अँडर्स एरिक्सन यांच्या १९९६ च्या अभ्यासात साथ करणारे पियानोवादक एकल वाजवणाऱ्यांपेक्षा साइट-रीडिंगमध्ये सरस ठरले.

हे उपजतच असतं का?

थोडंसं. एलिझाबेथ माइन्झ आणि डेव्हिड हॅम्ब्रिक यांनी २०१० मध्ये ५७ पियानोवादकांची चाचणी घेतली. वाचनातल्या फरकापैकी सुमारे ४५ टक्के फरक सरावाने स्पष्ट होत होता, त्याशिवाय सुमारे ७ टक्के एकाच वेळी अनेक गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेने. यावरून ‘प्रतिभा लागतेच’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मी मात्र ७ आणि ४५ हे आकडे शेजारी ठेवून पाहिले आणि तक्रार करणं बंद केलं.

मग रोज करायचं काय?

मला सर्वात जड गेलेली गोष्ट आधी सांगतो. स्वतःच्या पातळीच्या बरंच खालचं वाजवायचं. ग्रेड ५ वाल्याने ग्रेड १-२ चं पान. अहंकार दुखावतो, पण इलाज नाही. पान इतकं सोपं हवं की न थांबता शेवट गाठता येईल.

वाजवण्याआधी अर्धा मिनिट हात मांडीवर. शार्प-फ्लॅट किती, ताल कोणता, सर्वात गिचमिड बार कुठला, हे पाहायचं. त्या गिचमिड बारला जी लय झेपेल, त्याच लयीत सगळं पान. मग मांडीवर टाळी देत नुसती लय म्हणून पाहायची. माझ्या निम्म्या चुका सुराच्या नव्हत्याच, लयीच्या होत्या.

त्यानंतर मेट्रोनोम लावायचा आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. सूर गाळा, डावा हात सोडून द्या, पण पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला हजर राहा. बोटांकडे पाहायचं नाही, काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनचे गट चाचपून जागा सापडते. सुरुवातीला मी हातांवर टॉवेल टाकायचो. आई म्हणाली, “थंडी वाजतेय का रे?”

रोज दहा मिनिटं पुरतात. अडचण वेगळीच आहे. एक पान एकदाच वापरता येतं. दुसऱ्यांदा वाजवलं की आठवण काम करू लागते. म्हणून साठा लागतो. कॉपीराइट संपलेलं भरपूर स्वरलेखन ‘आयएमएसएलपी’ या ऑनलाइन संग्रहात मोफत मिळतं. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’मध्ये सहा भागांत १५३ रचना आहेत, पहिले भाग अगदी सोपे. फोनच्या स्क्रीनवर मात्र वाचू नका. ओळी तुटतात आणि पुढचं दिसतच नाही. प्रिंट काढा किंवा टॅब घ्या.

आणि शक्य असेल तर कुणाबरोबर तरी वाजवा. मेट्रोनोम बंद करता येतो, शेजारी वाजवणारा माणूस बंद करता येत नाही.

मी अजून वसईला जातो. महिन्यातून दोन रविवार, दुसऱ्या कीबोर्डवर. मागच्या वेळी एक नवं गीत आलं, तीन फ्लॅट. चौथ्या ओळीत माझा डावा हात हरवला. उजवा चालू राहिला. धृपदाला दोन्ही परत आले. काका माझ्याकडे न पाहताच उठले आणि माझं पान उलटून पुन्हा जागेवर बसले.