दुखणे कपड्यांत नव्हते

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे मासेमारीचे जुने गाव आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतील रक्तपिपासू उमराव याच किनाऱ्यावर उतरतो. त्या नात्याने १९९४ पासून या गावात ‘गॉथ’ मंडळींचा मेळावा भरू लागला. काळे झगे, काळे बूट, पांढरेफटक रंगवलेले चेहरे आणि डोळ्यांभोवती काजळाचा जाड थर अशा वेशातली माणसे गावभर हिंडतात. नवख्याला त्यांच्या वेशापेक्षा वयाचे नवल अधिक वाटते. यातल्या अनेकांनी पन्नाशी, काहींनी साठीही ओलांडली आहे.

हीच माणसे पंधरा-सोळा वर्षांची असताना त्यांच्या घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. सतत काळे कपडे, मृत्यू आणि स्मशानाची गाणी, रात्ररात्र बाहेर राहणे; पोरगे हाताबाहेर गेले, आता जिवाचे काही बरेवाईट करून घेईल, ही भीती घरोघरी होती. ती भीती कितपत खरी होती, हे आज चार दशकांनंतर तपासता येते. कारण आता नुसत्या आठवणी नाहीत, वैद्यकीय अभ्यासही हाताशी आहेत.

गॉथ ही चळवळ नव्हती आणि पंथही नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पंक संगीताचा जोर ओसरला आणि त्यातून एक संथ, उदास, गूढ वळणाचे संगीत पुढे आले. १९७९ मधले ‘बाउहाउस’ या बँडचे पहिले गाणे ही त्याची सुरुवात मानली जाते. ‘सूझी अँड द बॅन्शीज’, ‘द क्युअर’, लीड्स शहरातला ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ ही त्या काळातली प्रमुख नावे. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला आणि या तरुणांना एकत्र जमायला हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. कारखाने बंद पडत होते. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पुढे काय, याचे उत्तर कुणी देत नव्हते. अशा वेळी ‘आनंदी दिसलेच पाहिजे’ ही सक्ती न करणारा एक कोपरा त्यांना सापडला.

समाजाला मात्र या कोपऱ्याचा धाक वाटला. १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले. ते दोघे गॉथ असल्याच्या बातम्या लगेच पसरल्या. पुढे त्या चुकीच्या ठरल्या, पण तोवर काळा कोट घालणारा प्रत्येक मुलगा संशयित झाला होता. २००२ मध्ये मिझुरी राज्यातील ब्लू स्प्रिंग्ज या शहराला गॉथ संस्कृतीचा सामना करण्यासाठी केंद्र सरकारकडून २,७३,००० डॉलरचे अनुदान मिळाले. दोन वर्षांनी त्यातली जवळपास निम्मी रक्कम परत गेली. ज्या संकटासाठी पैसा आला होता, ते संकट त्या प्रमाणात सापडलेच नाही.

म्हणजे सगळी भीती निराधार होती का? इथे घाई करून चालणार नाही. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्कॉटलंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लासगो परिसरातील १,२५८ मुलामुलींना वयाच्या अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने भेटून प्रश्न विचारले गेले होते. स्वतःला ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांनी कधी ना कधी स्वतःला इजा केली होती आणि ४७ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. आकडे धक्कादायक आहेत. पण अशी मुले इतकी मोजकी होती, की दोघा-तिघांची उत्तरे वेगळी आली असती तरी टक्केवारी बरीच बदलली असती.

म्हणूनच २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त आलेला दुसरा अभ्यास अधिक मोलाचा. ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलांचा तिथल्या संशोधकांनी जन्मापासून पाठपुरावा केला आहे. त्यातील ३,६९४ मुलामुलींना पंधराव्या वर्षी विचारले गेले, की तुम्ही स्वतःला कोणत्या गटातले मानता? खेळाडू, लोकप्रिय, एकलकोंडे, गॉथ असे पर्याय होते. अठराव्या वर्षी त्यांचे मानसिक आरोग्य तपासले गेले. गॉथ गटाशी काहीच नाते न सांगणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. स्वतःला पक्के गॉथ मानणाऱ्या १५४ जणांत २८, म्हणजे १८ टक्के जणांना नैराश्य होते. स्वतःला इजा करण्याचे प्रमाण पहिल्या गटात १० टक्के, तर दुसऱ्या गटात ३७ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे, १५४ पैकी २८ जणांना नैराश्य होते, याचाच अर्थ १२६ जणांना ते नव्हते. दुसरी, पंधराव्या वर्षी स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्या मुलांमध्ये त्याआधीच नैराश्याचा आणि बरोबरीच्या मुलांकडून छळ सोसल्याचा इतिहास अधिक होता. तिसरी, या आधीच्या गोष्टी हिशेबात धरल्यावर संबंध सौम्य झाला, पण पुरता पुसला गेला नाही. संशोधकांनी स्वतःच स्पष्ट केले आहे, की अशा निरीक्षणावरून गॉथ झाल्यामुळे आजार जडला असे म्हणता येत नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात. म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे कुणी म्हणत नाही. ज्या मुलाला वर्गात सतत टोमणे ऐकावे लागतात, ज्याला घरात ‘तोंड पाडून बसू नकोस’ एवढेच ऐकायला मिळते, ते मूल आडोसा शोधते. अनेकांना तो काळ्या कपड्यांच्या घोळक्यात मिळाला. दुखणाईत मुले एकत्र आली की एकमेकांचे पाहून स्वतःला इजा करण्याची शक्यता वाढते, हेही नाकारता येत नाही. पण कपडे काढून घेतल्याने दुखणे जात नाही, फक्त मुलाचा आडोसा जातो. काळा वेश ही खूण आहे, कारण नव्हे. आणि खूण दिसली की ती खरवडून काढायची नसते, तिच्यामागे काय आहे ते पाहायचे असते. अंगावरच्या पुरळाला पावडर फासून रोग बरा होत नाही, तसेच हे.

आता त्या पिढीच्या आठवणींचे काय? पन्नाशीतले गॉथ मागे वळून बोलतात तेव्हा बहुतेकदा जिव्हाळ्याने बोलतात. स्मृतिशास्त्राला यात नवल वाटणार नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त आठवतात. त्या काळात ऐकलेले गाणे आयुष्यभर कानात राहते. शिवाय, आज बोलायला तेच उरले आहेत ज्यांचे बरे झाले. जे खचले, जे दुरावले, जे राहिले नाहीत, त्यांची साक्ष घेता येत नाही. त्यामुळे ‘आम्हाला काही झाले नाही’ या वाक्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

तरीही या जिव्हाळ्यात तथ्य आहे. सरे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन हे स्वतः या समूहात वावरलेले. २००२ मध्ये त्यांनी गॉथ समूहावर पुस्तक लिहिले आणि नंतर वाढत्या वयाच्या गॉथांचा अभ्यास केला. तारुण्यात सुरू झालेले हे नाते अनेकांनी नोकरी, संसार, मुलेबाळे सांभाळून टिकवले होते. मैत्री टिकणे ही आरोग्याच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. ज्यांची सामाजिक नाती भक्कम होती, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली. एकटे पडलेल्या पोराला चाळीस वर्षे पुरणारा गोतावळा मिळाला असेल, तर त्याने काय कमावले, हे डॉक्टरांनी तरी ओळखायला हवे.

या मुलांना खरा धोका कित्येकदा बाहेरूनच होता. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशायर परगण्यातील बेकप गावच्या बागेत वीस वर्षांची सोफी लँकेस्टर आणि तिचा मित्र यांच्यावर किशोरवयीन टोळक्याने हल्ला केला. कारण एवढेच, की ते दोघे वेगळे दिसत होते. खाली पडलेल्या मित्राला वाचवायला सोफी पुढे झाली. काही दिवसांनी तिचा रुग्णालयात मृत्यू झाला. तिच्या आईने, सिल्व्हिया लँकेस्टर यांनी, तिच्या नावाने संस्था उभारून शाळाशाळांतून काम केले. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा समूहांवरील हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करायला सुरुवात केली. पालक मुलीच्या कपड्यांत धोका शोधत राहिले. धोका ते कपडे पाहून मुठी आवळणाऱ्यांत होता.

शरीराने मात्र त्या दिवसांची काही बिले नक्कीच पाठवली, आणि तीही काळ्या रंगाची नव्हेत. क्लबमधले दणदणते स्पीकर हे पहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास सहन होतो, पण ९० डेसिबल झाला की ही मर्यादा ४ तासांवर येते. त्यापुढे कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा दुर्लक्ष केले त्यांच्या कानात आज शिट्टी वाजत राहते. दुसरे बिल सिगारेटचे. इंग्लंडमधील क्लबांत धूम्रपानबंदी जुलै २००७ मध्ये आली. तोवरचा धूर न ओढणाऱ्यांच्याही छातीत गेला. तिसरे, केस काळेभोर करणाऱ्या रंगाचे. त्यातील पीपीडी या रसायनाची काहींना तीव्र ॲलर्जी होते. हे आपल्याकडेही लागू आहे, कारण काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत तेच रसायन असते. गंमत अशी, की घरच्यांनी रंगावरून भांडणे केली, पण कानात बोळे घाल असे फारसे कुणी सांगितले नाही.

काळ्याचा अर्थ काळ्यात नसतोच. व्हिक्टोरिया राणीने पती गेल्यावर १८६१ पासून मरेपर्यंत चाळीस वर्षे काळा वेश सोडला नाही, आणि तिच्या निष्ठेचे कौतुकच झाले. आपल्याकडे शुभकार्यात काळे वर्ज्य, पण संक्रांतीला चंद्रकळा हवीच. वारकऱ्याच्या कपाळी बुक्का काळा, बाळाच्या गालावरची तीट काळी आणि मंगळसूत्राचे मणीही काळेच. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मुलाने कपाट काळ्या टी-शर्टांनी भरले आणि हेडफोनमध्ये कर्कश गाणी लावली, तर तेवढ्यावरून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही.

लक्ष द्यायचे ते दुसरीकडे. झोप बिघडली आहे का? जेवण तुटले आहे का? आवडीच्या गोष्टी सुटल्या, जुने मित्र अचानक दुरावले, गुण घसरले, असे काही आठवडे सलग चालले आहे का? ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मूल हात झाकते का? ‘माझ्यावाचून कुणाचे अडणार नाही’ असे बोलते का? यातले काही दिसले तर थेट, शांतपणे विचारावे: ‘जीव नकोसा होतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारणारे माणूस आहे, हे कळल्याने मुले बोलू लागतात. त्यानंतर उपदेश न करता ऐकावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. जीव धोक्यात आहे असे वाटले, तर मुलाला एकटे सोडू नये आणि थेट जवळचे रुग्णालय गाठावे.

‘द क्युअर’ बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी, २०२४ मध्ये नवा अल्बम काढला. विस्कटलेले केस आणि ओठांवरची फासलेली लाली तशीच आहे. तो ब्रिटनमध्ये विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. वयात येताना दुःखाची गाणी ऐकणारी सगळीच मुले दुःखात बुडत नाहीत. बहुतेक त्यातून पोहायला शिकतात. जी बुडत असतात, त्यांना ओळखायचे तर नजर कपड्यांवरून काढून चेहऱ्याकडे न्यावी लागते.