दस्तरख्वान : मोठ्याच्या गोश्ताचा स्टेक, घरच्या तव्यावर



कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली बऱ्याच घरांत एक फर्माईश येते, ‘अम्मी, घरी स्टेक बनव ना.’ हॉटेलात मित्रांबरोबर खाल्लेला असतो, जिभेवर चव राहिलेली असते. घरातल्या मोठ्यांना मात्र दोन प्रश्न पडतात. सॉसमध्ये दारू तर नसेल? आणि आतून लाल दिसणारे ते गोश्त खाणे बरे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्या हाताने घरी केले की दोन्हींची उत्तरे आपल्या ताब्यात राहतात.

स्टेक म्हणजे मऊ गोश्ताचा जाड काप, कोरड्या, कडक आचेवर थोड्या मिनिटांत भाजलेला. आपल्या सालनाच्या अगदी उलट. सालनात सीना, नळी, दस्त असे कष्टाचे स्नायू घेतो. त्यांच्यातल्या चिवट पडद्यांना विरघळायला पाणी आणि तास-दोन तास लागतात. स्टेकला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून मसाल्यापेक्षा गोश्ताची निवड महत्त्वाची.

कोणता तुकडा घ्यावा

कसाईभाईंकडे ‘अंडरकट’ मागावा. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूला, गुर्द्यांजवळ असलेला हा लांबट स्नायू जनावराच्या चालण्या-ओढण्यात फारसा वापरला जात नाही, म्हणून सर्वांत मऊ असतो. आपले पसंदेही याचेच उत्तम होतात. एका जनावरात असे दोनच तुकडे निघतात, तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवणे बरे.

आपल्या राज्यात मार्च 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर्गाला ती लागू नाही. त्यामुळे आपल्याकडे दुकानात मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे गोश्त. ते परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे आणि बिल मागून जपून ठेवावे. आजच्या दिवसांत हा कागद उपयोगी पडतो.

म्हशीचे गोश्त रंगाने गडद असते, चरबी पांढरी आणि कमी असते. परदेशी व्हिडिओंत दिसते तशी स्नायूंत मिसळलेली चरबी यात नसते. म्हणून ते लवकर कोरडे पडते. त्यांच्या वेळा घड्याळ लावून पाळू नयेत.

चार माणसांना 600 ग्रॅम पुरते. साधारण 150 ग्रॅमचे, 3 सेंटीमीटर म्हणजे दोन बोटे जाड असे चार काप घ्यावेत. वरचा चंदेरी पडदा कसाईभाईंकडूनच काढून घ्यावा. तो भाजताना आकसतो आणि काप वाकडा होतो.

ताजे गोश्त लगेच भाजू नये

सकाळी जबह, दुपारी हंडी, ही आपली सवय. सालनाला ती चालते, स्टेकला नाही. जबह झाल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. मग थंडाव्यात ठेवले की गोश्तातलेच पाचक घटक हळूहळू त्यांचे धागे सैल करतात. कलेजीला ही अडचण नाही, म्हणून ती कुर्बानीच्या दिवशीही मऊ लागते. स्टेकचे काप फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात एक-दोन दिवस ठेवावेत. फ्रीजरमध्ये नव्हे.

आपल्याकडे गोश्त धुतल्याशिवाय मन मानत नाही. धुवायचेच असेल तर बारीक धारेखाली, पाणी न उडवता धुवावे, सिंक नंतर साबणाने स्वच्छ करावे आणि काप कोऱ्या कागदाने किंवा स्वच्छ कापडाने अगदी कोरडा टिपावा. ओल्या गोश्तावर तवा आधी पाणी उडवण्यात गुंततो, आणि पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही. तपकिरी, खमंग थर त्याच्या बऱ्याच वर धरतो. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये मांडली. कांदा लाल होतो, पावाचा वरचा भाग खरपूस होतो, तो याच क्रियेने.

मीठ आदल्या रात्री लावून काप जाळीवर, न झाकता फ्रिजमध्ये ठेवला तर उत्तम. पृष्ठभाग सुकतो आणि मीठ आत मुरते. ते जमले नाही तर भाजायच्या क्षणी लावावे. दहा-पंधरा मिनिटे आधी लावले तर पाणी सुटते आणि भाजणी बिघडते.

भाजणी

बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्यावा. नॉनस्टिक भांडे इतके तापवू नये. खिडकी उघडावी, तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे तापवावा. काप फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेला असावा, उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळ बाहेर नको. तेल तव्यावर न ओतता कापाला चोळावे. एका वेळी दोनच काप टाकावेत, नाहीतर तवा थंड होतो.

बिस्मिल्लाह म्हणून काप ठेवावा. दोन मिनिटे एक बाजू, दोन मिनिटे दुसरी. मग आच मध्यम करावी, दर मिनिटाला उलटत आणखी चार-पाच मिनिटे भाजावे. शेवटच्या मिनिटात चमचाभर लोणी आणि ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या टाकून ते लोणी चमच्याने कापावर ओतत राहावे. काळी मिरी उतरवल्यावर घालावी, आधी घातली तर करपते. मग ताटलीत पाच मिनिटे राहू द्यावे. लगेच कापले तर रस ताटात वाहतो.

तो लाल रंग

बकरी ईदनंतर वर्गात हा प्रश्न हमखास येतो, ‘टीचर, गोश्तातून गळते ते खूनच ना?’ नाही. रक्त जबहच्या वेळी वाहून जाते. स्नायूंना लाल रंग देणारे मायोग्लोबिन नावाचे प्रथिन स्नायूंतच असते. ते पाण्यात मिसळून गळते आणि शिजताना तपकिरी होते. सूरह अल-अन्आमच्या 145 व्या आयतीत मनाई आहे ती वाहत्या रक्ताची. तरी मनात शंका राहिली तर आलिमांना विचारावे, आणि पूर्ण शिजवून खावे. चवीसाठी मनाविरुद्ध खाण्याची गरज नाही.

आरोग्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो रंगावरून सुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी की अखंड तुकडा आतून 63 अंश सेल्सिअसला पोहोचावा आणि नंतर तीन मिनिटे ठेवावा. खिम्यासाठी हा आकडा 71 आहे. कारण अखंड तुकड्यावर जंतू बहुधा वरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आत मिसळतात. काप काट्याने टोचला किंवा हातोडीने ठेचला तरी तेच होते, म्हणून असा काप पूर्ण शिजवावा.

गोश्ताचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो कापात बाजूने, मध्यापर्यंत खुपसावा. घरातल्या तरुणांसाठी 65 अंश ठीक : आतून फिकट गुलाबी, रसदार. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यासाठी 71 अंश, म्हणजे आणखी दोन-तीन मिनिटे. पाव डिग्रीचा वाद नको, पण या तिघांच्या ताटात गुलाबी काप वाढू नये, मग पाहुणे काहीही म्हणोत.

सॉस

हॉटेलच्या अनेक पाककृतींत लाल वाईन असते. ‘आटवली की दारू उडून जाते’ असे सांगतात, पण तिचा काही अंश उरतोच. घरी ती लागत नाही. त्याच तव्यात जास्तीची चरबी काढून एक लहान कांदा बारीक चिरून परतावा, एक वाटी यखनी ओतावी, तव्याला चिकटलेले तपकिरी कण खरवडून घ्यावेत आणि निम्मे होईपर्यंत आटवावे. एक चमचा सिरका आणि थोडे लोणी घालून उतरवावे. वाईनकडून जो आंबटपणा हवा असतो, तो सिरका देतो.

अंडरकट नाही मिळाला तर

मागच्या मांडीचे, ‘पुठ’चे गोश्त घ्यावे. अर्ध्या किलोला दोन चमचे कच्च्या पपईचा कीस चोळून अर्धा तास ठेवावे, त्याहून जास्त नाही. पपई गोश्ताचे धागे तोडते, जास्त वेळ राहिली तर वरचा भाग लगदा होतो. कीस पुसून काढावा, काप बोटभर जाडीचा ठेवावा आणि पूर्ण शिजवावा.

वाढताना सुरी धाग्यांच्या आडवी चालवावी. लांब धागे आखूड होतात आणि दात कमजोर असलेल्या दादीजानलाही खाता येते. सोबत उकडलेला बटाटा, परतलेली फरसबी आणि गरम पाव पुरे.

दावत ठेवण्याआधी एकदा एकच काप भाजून पाहावा. आपला तवा किती तापतो आणि आपली शेगडी किती आच देते, हे त्या एका कापातच कळते.