सोईची परीक्षा

नवें यंत्र दाखवितांना विक्रेता म्हणतो, "यांत कळा कमी दाबाव्या लागतात, म्हणून काम लवकर होतें." हें म्हणणें वरवर पटतें. तथापि तें पारखून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

कार्ड, मोरन व न्यूएल या संशोधकांनीं 1983 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा परीक्षेची रीत दिली आहे. तिचें नांव गोम्स. काम करणाराचें उद्दिष्ट, त्याच्या बारीकसारीक क्रिया, त्यांच्या पद्धति व पद्धतींच्या निवडीचे नियम, अशी तिची मांडणी आहे. तिच्या सर्वांत सोप्या प्रकारांत प्रत्येक क्रियेस ठराविक वेळ धरितात: सराईत हातानें कळ दाबण्यास सुमारें 0.2 सेकंद, मनाच्या जुळवाजुळवीस 1.35. बेरीज केली कीं कामास लागणाऱ्या वेळाचा अंदाज निघतो.

पण मनुष्य एका वेळीं एकच क्रिया करितो काय? अमेरिकेंतील नायनेक्स टेलिफोन कंपनी ऑपरेटरांसाठीं नवीं यंत्रें घेण्याच्या विचारांत होती, व तीं जलद ठरतील अशी अपेक्षा होती. ग्रे, जॉन व ॲटवुड यांनीं ऐकणें, बोलणें, पाहणें व कळ दाबणें हीं बरोबरीनें चालणारीं कामें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, आणि नवें यंत्र उलट मंद ठरेल असें भाकीत केलें. प्रत्यक्ष चाचणींतहि दर कॉलामागें अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जास्तच लागला. हा वृत्तांत 1993 सालीं प्रसिद्ध झाला. जे श्रम वाचले, ते ऑपरेटर ग्राहकाशीं बोलण्यांत गुंतला असतांनाचे होते. कांहीं श्रम मात्र जेथें काम खोळंबतें नेमके तेथें जाऊन पडले.

गृहिणींस यांत नवल वाटणार नाहीं. भात शिजत असतां कोशिंबीर दोन मिनिटें आधीं झाली, म्हणून पानें आधीं वाढलीं जात नाहींत.

तेव्हां प्रश्न पाहून पद्धत निवडावी. एकामागून एक होणाऱ्या कामास साधी बेरीज पुरे. क्रिया एकमेकींत गुंतलेल्या असतील तेथें दुसरी रीत घ्यावी. मात्र दोन्ही रीती सराईत व न चुकणाऱ्या माणसाचाच हिशेब मांडितात. बँकेच्या यंत्रापुढें आमच्या घरच्या वृद्ध काकू बावरतात, तें या हिशेबांत कोठेंच दिसत नाहीं. तेथें प्रत्येक पायरीवर "पुढें काय करावयाचें हें यांस कळेल काय?" असें विचारीत गेलें पाहिजे, आणि शेवटीं काकूंनाच यंत्रापुढें उभें करून पाहिलें पाहिजे. वेळ वाचविणें चांगलेंच. पण तो कोणाचा वाचवावयाचा, हें आधीं ठरलें पाहिजे.