पहाऱ्यावरच्या चेष्टेला शिक्षा किती?

जानेवारी लागला की कोलकात्याच्या मैदानाला लागून असलेल्या रेड रोडवर पहाटेच्या धुक्यात बुटांचे ठेके ऐकू येऊ लागतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची ती तालीम. 26 तारखेला राज्यपाल मानवंदना घेतात तेव्हा लोकांना एका रेघेत पडणारी पावले दिसतात, त्याआधीच्या गारठ्यातल्या सकाळी कुणाच्या नजरेस पडत नाहीत. 13 जानेवारी 2016 रोजी अशाच एका तालमीत भरधाव मोटार अडथळे तोडून आत घुसली आणि हवाई दलाच्या 21 वर्षांच्या कॉर्पोरलचा जीव गेला. तो कोणत्याही सीमेवर नव्हता, पण कर्तव्यावर होता. समारंभासाठी उभ्या राहणाऱ्या सैनिकांकडे ‘शोभेचे’ म्हणून पाहणाऱ्यांनी एवढे विसरू नये.

अशा सैनिकाने कर्तव्यावर माकडचेष्टा केल्या तर शिक्षा व्हावी का? व्हावी. मात्र ती लहान असावी, तत्काळ व्हावी आणि त्याच्या पलटणीतच संपावी.

2014 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यासमोर एक पहारेकरी गिरक्या घेताना, विचित्र चाली चालताना दिसला. चित्रफीत जगभर फिरली, लोक खळखळून हसले आणि ब्रिटिश लष्कराने चौकशी सुरू केली. तेव्हा पुष्कळांना ही चौकशीच हास्यास्पद वाटली. तासन्‌तास पुतळ्यासारखे उभे राहून कंटाळलेल्या पोराने दोन गिरक्या घेतल्या, त्यात एवढे काय बिघडले, असा त्यांचा सवाल होता. सवाल माणुसकीचा आहे, पण अपुरा आहे. त्या पोराच्या हातात बंदूक होती आणि त्याने तिथे उभे राहून जे करायचे होते, त्यात लक्ष ठेवणे हे पहिले काम होते.

हेच दृश्य कोलकात्यात कल्पून पाहावे. 1971 चे बांगलादेश युद्ध फोर्ट विल्यममधल्या पूर्व विभागाच्या मुख्यालयातून लढवले गेले. या किल्ल्याचे नाव आता विजय दुर्ग आहे आणि त्याच्या दक्षिण दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव दिले आहे. इथल्या विजय स्मारकापाशी दर 16 डिसेंबरला पुष्पचक्रे वाहिली जातात, बांगलादेशातून आलेले मुक्तियोद्धेही हजर असतात. तिथे मान ताठ ठेवून उभा असलेला जवान कंटाळून वाकुल्या दाखवू लागला, तर समोरच्या गर्दीत उभ्या असलेल्या एखाद्या वीरपत्नीला काय वाटेल? इथे ‘पोरच आहे ते’ म्हणून सोडून देता येत नाही.

पण प्रत्येक हलकीफुलकी हालचाल याच मापाने मोजणेही चूक. 2022 च्या जानेवारीत दिल्लीच्या विजय चौकात नौदलाचे बँडपथक तालमीत ‘कारवाँ’ चित्रपटातल्या मोनिकाच्या गाण्याची धून वाजवत होते आणि बंदूकधारी नौसैनिक तिच्यावर डोलत होते. गाणे आशा भोसले यांचे, संगीत कोलकात्यात जन्मलेल्या राहुलदेव बर्मन यांचे. केंद्र सरकारच्याच ‘मायगव्ह’ने ती चित्रफीत कौतुकाने पुढे पाठवली, तर काहींनी नाके मुरडली. नाके मुरडण्यासारखे त्यात काही नव्हते. ती तालीम होती, पथक एकत्र होते, अधिकारी समोर होते. थंडीत तासन्‌तास थांबलेल्या पोरांनी अंगात ऊब आणली, इतकेच. एकट्याने पहारा सोडून केलेली चेष्टा आणि सगळ्यांच्या देखत, अधिकाऱ्यांच्या संमतीने घेतलेला विरंगुळा यांत महदंतर आहे.

शिवाय नाट्य काही सैनिकच आणतो असे नाही. अटारीच्या भारत-पाकिस्तान सीमेवर 1959 पासून रोज संध्याकाळी ध्वज उतरवण्याच्या सोहळ्यात पाय कपाळापर्यंत उडवले जातात, मिशांना पीळ दिला जातो, डोळे वटारले जातात. हे सारे हुकमाने होते. 2010 मध्ये दोन्ही बाजूंनी त्यातला आक्रमकपणा कमी करायचे ठरवले. कोलकात्याहून काही तासांवरच्या पेट्रापोलला 2013 मध्ये सीमा सुरक्षा दल आणि बांगलादेशाचे सीमारक्षक यांचा संयुक्त सोहळा सुरू झाला. प्रेक्षकांसाठी गॅलऱ्या बांधायच्या, टाळ्या मिळवायला लावायचे आणि मग एखाद्या जवानाला टाळ्यांची चटक लागली की सगळा दोष त्याच्या माथी मारायचा, हे न्यायाचे नाही.

कायद्यात मोठी हत्यारे आहेत. लष्कर अधिनियम 1950 च्या कलम 63 खाली शिस्तभंगाबद्दल कोर्ट मार्शल सात वर्षांपर्यंत कैद देऊ शकते. पण त्याच अधिनियमाचे कलम 80 कमांडिंग ऑफिसरला जवानाला जागच्या जागी शासन करू देते: जादा पहारे, 28 दिवसांपर्यंत बराकीत डांबणे, पगारातून दंड. पहाऱ्यावरच्या गिरकीला यातले सौम्य ते पुरे. आपल्याकडे मात्र हल्ली चित्रफीत पसरली की निलंबनाची बातमी हवी असते, जवानाचे नाव आणि गाव हवे असते. त्याच्या चुकीपेक्षा ती मागणीच अधिक निर्दय आहे. तोंड बांधल्यासारखा उभा असलेला माणूस कॅमेऱ्याला उत्तर देऊ शकत नाही.

या माणसांना बाहुले समजण्याची सवयही मोडायला हवी. वॉरन हेस्टिंग्जने 1773 मध्ये उभे केलेले गव्हर्नरचे अंगरक्षक दल आज राष्ट्रपतींचे अंगरक्षक आहे. झगमगत्या गणवेशातले हे घोडेस्वार छत्रीधारी सैनिक म्हणूनही प्रशिक्षित असतात आणि त्यांनी सियाचिनमध्येही काम केले आहे.

पाहणारेही काही देणे लागतात. 1959 मध्ये बकिंगहॅमच्या पहारेकऱ्याने सतत सतावणाऱ्या एका महिला पर्यटकाच्या घोट्यावर लाथ मारली. त्याला दहा दिवस बराकीत डांबले गेले. मात्र लष्कर तिथेच थांबले नाही. कुंपणाबाहेर उभे राहणारे पहारेकरी लवकरच कुंपणाच्या आत हलवले गेले, म्हणजे पुढच्या जवानावर तीच पाळी येऊ नये. आपल्या स्मारकांपाशी आणि राज्यपालांच्या निवासस्थानांपाशी पहारे लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी शिक्षेच्या कागदावर सही करण्याआधी जवान किती वेळ उभा होता, बदली वेळेवर आली होती का आणि त्याच्या तोंडापुढे मोबाइल धरणाऱ्यांना कुणी अडवले होते का, हे तीन प्रश्न लेखी नोंदवावेत.