मजुराचे मत आणि हजेरीपट

सीमाप्रश्नात आपण इतकी वर्षे एकच मागणी करीत आलो आहोत: खेडे हा घटक धरा आणि लोकेच्छा जाणून घ्या. पाटसकर सूत्राचा आपला आग्रह त्याचसाठी आहे. जे माप गावाला, तेच कामाच्या जागेला का लावू नये, असा प्रश्न आता जोयडा तालुक्यातून दांडेलीस राबावयास जाणाऱ्या मंडळींपुढे उभा आहे.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्या 14 व्या कलमान्वये, एकाहून अधिक संघटना असल्यास ज्या संघटनेस हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असेल, तीच मालकाशी वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरते. तसे बहुमत कोणाचेच नसल्यास 20 टक्क्यांहून कमी पाठिंबा नसलेल्या संघटनांची परिषद नेमली जाते. हा पाठिंबा मोजावा कसा, ते मात्र कलमाने सांगितलेले नाही. ते नियमांवर सोपविले आहे, आणि खाजगी कारखान्यांपुरते ते नियम बहुतांशी राज्य सरकारच्या हाती आहेत.

मोजणीच्या रीतीला आम्ही एवढे महत्त्व का देतो, हे मुंबईच्या गिरण्यांकडे पाहिल्यास कळेल. 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला, तेव्हा आपला सुपा तालुका मुंबई प्रांतातच होता. त्या कायद्याने प्रातिनिधिक संघटनेस पुढे चौथ्या हिश्श्याचे सभासदत्व पुरेसे मानले. वर्गणीची वही हेच मत ठरले. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या हाकेस ओ देऊन सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांची प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिली. कामगारांना कोण हवे, हे रस्त्यावर दिसत होते. कागदावर मात्र दिसत नव्हते.

गुप्त मतदानाचा मार्ग न्यायालयास अपरिचित नाही. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मतदानाची रीतच घालून दिली. वर्गणीची पावती मुकादमासमोर फाडली जाते, मतपत्रिका पडद्याआड. यांतील फरक गरीब माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

परंतु खरी मेख 'हजेरीपट' या एका शब्दात आहे. ठेकेदाराकरवी आलेल्या मजुराचे नाव ठेकेदाराच्या पटावर असते, कारखान्याच्या नव्हे. यंत्र तेच, पाळी तीच, धूळही तीच. परंतु मतदार याद्यांत तो नाही. ज्यांची संख्या मोठी आणि पगार थोडा, त्यांनाच वगळून काढलेले बहुमत कोणाचे म्हणावे? सीमाभागातील माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. (गणतीत कोणाला धरावयाचे हे जो ठरवितो, त्याला पुढे मोजण्याची चिंता उरत नाही.)

कर्नाटकाच्या नियमांत गुप्त मतदान, कामगार खात्याचा निवडणूक अधिकारी आणि ठेकेदारी मजुरांची स्वतंत्र गणना, या तिन्ही गोष्टी असाव्यात अशी आमची मागणी आहे. यादी आणि सूचना मराठीतही लावाव्यात. तक्रार मराठीत लिहिली म्हणून कोणी ती परत करू नये. गाऱ्हाणे देशात वा राज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमाने दिलेला आहे.

तोवर गावच्या मंडळींनी संघटनेच्या पुढच्या सभेत एवढे अवश्य विचारावे: यादीत माझे नाव आहे काय, आणि नसल्यास ते कोणाच्या यादीत आहे?