पासष्ट ओव्यांचे उत्तर

पुण्याहून आळंदीस जाताना दिघीत 'मॅगझिन चौक' लागतो. लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारावरून हे नाव पडले. मासिकाशी त्याचा संबंध नाही, असे नवख्या माणसास सांगावे लागते. तथापि संबंध अगदीच नाही असेही नव्हे. कोठार या अर्थाचा मूळ अरबी शब्द युरोपातून फिरत इंग्रजीत आला आणि १७३१ साली लंडनमध्ये निघालेल्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने, नाना विषयांवरील मजकुराचे कोठार या अर्थाने, तो नियतकालिकाच्या कपाळी लावला. दारूगोळ्याच्या कोठारात किती माल भरावा याचे नियम असतात व ते मोडल्यास काय होते हेही सर्वांस ठाऊक असते. शब्दांच्या कोठारावर मात्र आज कोणाचाच पहारा उरलेला नाही.

तो पहारा एके काळी होता, आणि तो फारसा वाङ्मयीन नव्हता. कागदाचा भाव, खिळे जुळविणाऱ्याची मजुरी, टपालहशील आणि संपादकाची कात्री हे चार पहारेकरी मिळून लेखकास आवरीत असत. हल्ली भोसरी-चाकणच्या कारखान्यातील पाळी संपवून दिघीच्या घरी परतलेला तरुण, अगर निवृत्तीनंतर लेखणी हाती घेतलेला कारकून, हातातल्या फोनवर हजार शब्द लिहितो आणि त्याच रात्री लोकांपुढे ठेवतो. हे स्वातंत्र्य लहान नव्हे. ज्यांचे लेखन पूर्वी कोणी छापले नसते अशा कितीतरी माणसांना त्याने वाचक मिळवून दिला. त्याला नावे ठेवणारे बहुधा जुन्या कात्रीचे मालक असतात! अडचण निराळीच आहे. सहा महिन्यांत लेखन साचते, वाचक विरळ होतात, आणि लेखकाच्या मनात येते की मांडणीत काही तरी चुकले. मग अक्षरवळण बदलते, रंग बदलतात, समास रुंद होतो, नवी शीर्षके आणि नवी सदरे येतात. घराला रंग दिला जातो. आतील अडगळ जागची हलत नाही.

शिक्षकांना हा प्रकार अपरिचित नसावा. शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात मुखपृष्ठावरील वेलबुट्टीवर महिना खर्ची पडतो आणि आतील लेख आदल्या रात्री उतरवून काढले जातात, हे अनेकांनी पाहिलेले आहे.

नवी मांडणी म्हणजे काय असू शकते, याचा एक थोर दाखला दिघीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आळंदीच्या परंपरेतच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशास सांगितली गेली. पुढील तीन शतकांत नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. १५८४ साली एकनाथांनी अनेक प्रती मिळवून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे एका अर्थी ग्रंथाचे नूतनीकरणच होते. पण त्यात नाथांनी आपले काही मिसळले नाही. स्वतः हजारो ओव्या रचणाऱ्या, शब्दांची कसलीही वाण नसलेल्या या कवीने शेवटी बजावले ते इतकेच, की या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. आपल्या ओघवत्या लेखणीस दुसऱ्याच्या ग्रंथाबाहेर थांबविणे हे ग्रंथरचनेइतकेच अवघड असले पाहिजे.

ज्ञानदेवांच्या रचनांची लांबीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचे भाष्य. 'अमृतानुभव' सुमारे आठशे ओव्यांचा. आणि चांगदेवांना लिहिलेले पत्र पासष्ट ओव्यांचे. परंपरा सांगते की चौदाशे वर्षांच्या योग्याला वयाने लहान पण ज्ञानाने थोर अशा ज्ञानदेवांस कोणता मायना लिहावा हे सुचेना, म्हणून त्याने कोरा कागदच पाठविला. तो पाहून मुक्ताबाईने, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा शेरा मारला. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली तरी तिच्यातील मर्म पुरेसे आहे. कोऱ्या कागदाला उत्तर लिहायचे तर वाटेल तेवढे लिहिण्यास जागा मोकळी होती. ज्याच्या मुखातून नऊ हजार ओव्या आल्या त्याने येथे पासष्टांवर हात आवरला, कारण समोर एकच वाचक होता आणि त्याला काय हवे आहे हे ठाऊक होते. नेवाशास समोर श्रोत्यांची सभा होती, गीता सामान्यांच्या भाषेत उतरवायची होती. तेथे दृष्टान्तामागून दृष्टान्त येणे हा पाल्हाळ नव्हे. लांबी वाचकाच्या गरजेतून आली की लेखकाच्या सवयीतून, एवढाच प्रश्न आहे.

हाच प्रश्न निबंधमालेस लावला तर उत्तर इतके सोपे येत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली हे मासिक काढले आणि ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहिले. त्यांतील बराच काळ सरकारी शाळेतील मास्तरकी सांभाळून. एकेक निबंध अंकामागून अंक चाले. 'जंटलमन्स मॅगझिन'साठी राबलेल्या जॉन्सनवरही त्यांनी असेच विस्ताराने लिहिले. आजच्या वाचकास त्यांची वाक्ये दीर्घ वाटतात, आणि काही ठिकाणी ती आहेतही. परंतु मराठी गद्याला त्या वेळी दम हवा होता. एक विचार चार पाने पेलता येतो हे कोणी तरी सिद्ध करून दाखविणे आवश्यक होते. लोकहितवादींचा त्यांनी जो प्रदीर्घ समाचार घेतला, तेथे मात्र तराजू उलटा फिरतो. १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात आलेली १०८ पत्रे आटोपशीर होती, भाषा ओबडधोबड होती, तरीही जातिभेद, स्त्रियांची दुःस्थिती, विद्येची अनास्था यांवरील त्यांचे घाव नेमके बसले. ती खोडून काढण्यास शास्त्रीबुवांना जितकी पाने खर्चावी लागली, तितकी पत्रांची ताकद उलट उघड झाली. शैलीचा विजय आणि मुद्द्याचा विजय एकाच बाजूस असतो असे नाही.

अतिलेखनाची सवय प्रौढपणी अचानक लागत नाही. परीक्षागृहात सर्वांआधी पुरवणी मागणाऱ्या विद्यार्थ्याकडे बाकीचे भयचकित होऊन पाहतात, तेथेच तिचे बी पडते. उत्तर वजनावर तपासले जाते अशी समजूत वर्गात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असे छातीठोकपणे सांगणारे परीक्षक थोडे निघतील. हाच विद्यार्थी पुढे कचेरीत बसून तीन ओळींच्या बाबीवर दोन पृष्ठांची टिप्पणी लिहितो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' येथून निघालेले वाक्य निर्णयापाशी पोहोचण्यापूर्वी साहेब सही करून मोकळे होतात. त्या न वाचलेल्या दुसऱ्या पृष्ठावर कोणाचे निवृत्तिवेतन अडकलेले असते, कोणाच्या मुलाच्या दाखल्यावरील जन्मतारीख. लेखकाच्या पाल्हाळाची किंमत तेथे भलताच माणूस मोजतो.

शाळेत सारांशलेखन शिकविले जाते, पण ते नेहमी परक्याच्या उताऱ्याचे. स्वतःच्या निबंधाचा तिसरा हिस्सा करण्यास विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, आणि खरी कसोटी तीच. कारण परक्याचे वाक्य खोडताना हात कापत नाही. आठ दिवसांनी त्याचाच निबंध परत देऊन निम्मा करावयास लावणे, याला ना नवे पुस्तक लागते ना नवा शासननिर्णय. साठ वह्या दोनदा तपासण्याचा भार शिक्षकांवर पडेल, ही तक्रार रास्त आहे. मात्र दुसऱ्या खेपेस त्या वह्यांत वाचावयाचे निम्मेच असेल.