कामापुरतं मागा

‘फोन हँग होतोय’ म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक फोन बिघडलेले नसतात. डिस्प्ले धड असतो, बॅटरी फुगलेली नसते, चार्जिंगची पिन घट्ट असते. तरीही फोन चालत नाही, कारण आत जागाच उरलेली नसते. कऱ्हाडला बसस्थानकाजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटण, उंब्रज, ओगलेवाडीकडची माणसं एसटीतून उतरून थेट काउंटरला येतात आणि म्हणतात, ‘ताई, व्हायरस शिरलाय बघा ह्यात.’ व्हायरस क्वचितच असतो. फोन अडवून बसलेली असतात ती नावाजलेल्या कंपन्यांची, स्टोअरमधून रीतसर उतरवलेली ॲप्स.

लोकांच्या तक्रारी दोन असतात. ॲप्स दिवसेंदिवस जड होत चाललीत, ही एक. ती नको तितकी माहिती मागतात, ही दुसरी. दिवसभर दुसऱ्यांचे फोन हाताळणारी बाई म्हणून मी सांगते, या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. फोन आपला, जागा आपली, रिचार्ज आपला, माहिती आपली; आणि यातलं काहीही वापरायला ॲप बनवणाऱ्याला दमडी मोजावी लागत नाही. ज्याचे पैसे पडत नाहीत, ते कुणी जपून वापरत नाही.

मागच्या पावसाळ्यात उंब्रजकडच्या एक मावशी फोन घेऊन आल्या. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल, गॅसचं बुकिंग आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे निरोप, एवढाच त्यांचा वापर. पण लेकीचा फोन आला की चित्र थिजायचं. मी सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. जवळपास निम्मी जागा फोनच्या मूळ सॉफ्टवेअरनेच घेतलेली. त्याखाली फोनबरोबरच आलेली खरेदीची दोन ॲप्स, एक गेम, फोन कंपनीचा स्वतःचा ब्राउझर, आणखी एक स्टोअर, आणि वॉलपेपरच्या नावाखाली लॉक स्क्रीनवर जाहिराती दाखवणारं एक ॲप. मावशींनी यातलं एकही कधी उघडलं नव्हतं. काहींना ‘अनइन्स्टॉल’चं बटणच नव्हतं, फक्त ‘डिसेबल’ होतं. मग परवानग्यांचं पान उघडलं. बिल भरायच्या एका ॲपकडे फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादी होती आणि ठावठिकाणा बघायची परवानगी ‘नेहमी’वर होती. मावशींनी विचारलं, ‘मी कुठं जाते ते ह्यांना कशाला?’

हा प्रश्न ॲप बनवणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. कारण माझ्या धंद्यात तो रोज विचारावाच लागतो. माझ्याकडे बायका आणि मुली जास्त येतात. आपला फोन अनोळखी माणसाच्या हाती देताना त्यांच्या पोटात गोळा येतो. आत फोटो असतात, नवऱ्याशी किंवा मैत्रिणीशी झालेलं बोलणं असतं, डॉक्टरांचे रिपोर्ट असतात. म्हणून माझ्या दुकानाचा नियम आहे: फोन ग्राहकासमोर उघडायचा. पिन ग्राहकानेच टाकायचा, मी लिहून घेत नाही. डिस्प्ले बदलायचा असेल तर गॅलरी उघडायची नाही, टच तपासायला डायलरचे आकडे पुरतात. हा नियम मला कुठल्या कायद्याने शिकवलेला नाही. चार्जिंग पिन बदलायला आलेल्या माणसाकडे मी त्याच्या नातेवाइकांचे नंबर मागितले, तर तो फोन उचलून पलीकडच्या दुकानात जाईल, आणि बरोबरच करेल. ॲपसमोर मात्र त्याला उठून जाता येत नाही.

वजन आणि हेरगिरी एकाच वाटेने फोनमध्ये कशी शिरतात, हेही समजून घ्यायला हवं. ॲप बनवणारा सगळं स्वतः लिहीत नाही. नकाशा, पैसे भरायची सोय, जाहिराती, कोणी कुठल्या बटणावर बोट ठेवलं याची मोजदाद, या सगळ्यांचे तयार तुकडे मिळतात. धंद्यात त्यांना एसडीके म्हणतात. प्रत्येक तुकड्याने ॲपचं वजन वाढतं. जाहिरातीचा किंवा मोजदादीचा तुकडा असेल, तर तो आपली खबर अशा तिसऱ्याच कंपनीकडे धाडतो, जिचं नावही आपण ऐकलेलं नसतं. अमेरिकेत २०१३ मध्ये टॉर्चच्या एका ॲपवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. कोट्यवधी लोकांनी उतरवलेलं ते ॲप फोनचा ठावठिकाणा आणि ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. दिवा लावायला माणूस कुठे उभा आहे हे कळण्याची काहीच गरज नव्हती. फुगलेल्या ॲपमधली बरीचशी चरबी आपल्या कामाची नसते. ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाची असते.

सॉफ्टवेअर फुगतं ही तक्रार जुनी आहे. पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणारे स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एक लेख लिहून सडपातळ सॉफ्टवेअरचा आग्रह धरला होता. यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात त्यापेक्षा जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं, हे त्यांचं निरीक्षण पुढे त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी मेमरी लागायची. आजच्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. म्हणजे सुमारे हजारपट. यातला काही भाग सार्थकी लागलाय, हे मी मान्य करते. मराठी अक्षरं न तुटता दिसतात, परदेशातल्या नातवाचा चेहरा दिसतो, बँकेचा व्यवहार सुरक्षित जातो. फार जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट देत राहणं अवघड असतं, हेही मला कळतं. पण हलकं ॲप बनवताच येत नाही, हे मला मान्य नाही. २०१५ मध्ये फेसबुक लाइट आलं तेव्हा ते १ एमबीपेक्षाही लहान होतं. साध्या फोनसाठीच काढलेलं यूट्यूब गो मात्र २०२२ मध्ये बंद करण्यात आलं. हलकं बनवायचं की नाही, चालू ठेवायचं की नाही, हे कंपनी ठरवते. नाही म्हटलं की भुर्दंड गिऱ्हाइकाला: आधी मेमरी कार्ड, मग ‘सॉफ्टवेअर मारून द्या’, शेवटी हप्त्यावर नवा फोन.

हा भुर्दंड किती खोल जातो हे महाराष्ट्राने अंगणवाड्यांमध्ये पाहिलंय. २०१९ मध्ये पोषण अभियानाखाली सेविकांना सरकारी फोन मिळाले, २ जीबी रॅमचे. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं. ते त्या फोनवर नीट चालेना, फोन तापायचे, अडकायचे, आणि त्यात माहिती इंग्रजीत भरावी लागायची. मुलांची वजनं-उंच्या घेऊन, आहार वाटून थकलेल्या बाईने रात्री घरी बसून त्या ॲपशी झुंजायचं, अशी वेळ आली. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपातही चांगल्या मोबाईलची मागणी मानधनाच्या मागणीला लागून होती. मुंबई-दिल्लीतल्या चकाचक फोनवर तपासलेलं ॲप गावातल्या स्वस्त फोनवर लादलं, की काय होतं याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

पुढची पायरीही तिथेच दिसते. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपने ओळखणं सक्तीचं झालं. गळती थांबवायला हवी यात वाद नाही. पण सेविका त्या गर्भार बाईला नावाने, घराने, सासर-माहेराने ओळखते. तिच्या ओळखीवर भरवसा न ठेवता कॅमेऱ्यावर ठेवला गेलाय. कमी रेंजच्या वाडीत कॅमेऱ्याने ओळखलं नाही, तर दोष बाईचा की फोनचा? आणि तिच्या चेहऱ्याची ती नोंद कुठे, किती वर्षं राहणार, हे तिला तिच्या भाषेत कुणी समजावून सांगितलंय का?

कायद्याने आपल्याला निराधार सोडलेलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण दिलंय, ते प्रत्येकाने वाचावं. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांची यादीही मागितली आणि माणसाने दोन्हीला ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. कारण उपचाराला नंबरांची यादी लागत नाही. कामापुरतं मागा, हेच तर कायदा सांगतोय. मात्र नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, कंपन्यांना बहुतेक तरतुदी पाळायला दीड वर्षाची मुदत मिळाली, आणि सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा राहिली.

नेमका नियम कामी येतो हे कर्जाच्या ॲप्समध्ये दिसलं. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे मेसेज धाडले जायचे. अशा ॲपने गांजलेली पोरं माझ्याकडेही रडवेल्या तोंडाने ‘सगळं पुसून द्या’ म्हणत आलीत. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, कर्जाच्या ॲपने नंबरांची यादी, कॉलची नोंद, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही. बेकायदा ॲप्स अजून सापडतात, पण परवानाधारकांना पळवाट उरली नाही. जे कर्जाला लागू, ते बिल भरण्याला, खरेदीला, शाळेच्या गृहपाठाला का नको?

‘नको असेल तर ॲप घेऊ नका’ असं सुशिक्षित माणसं सहज म्हणून जातात. हे म्हणणं मला पटत नाही. योजनेचा ओटीपी फोनवर येतो, शाळेच्या सूचना ॲपवर येतात, गॅसचा नंबर तिथेच लागतो. जिथे दुसरी वाट बंद केलीय, तिथे ‘मी सहमत आहे’ या बटणावर ठेवलेलं बोट ही संमती नव्हे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, सरकारी आणि जीवनावश्यक सेवेचं प्रत्येक ॲप गावात विकल्या जाणाऱ्या सर्वांत स्वस्त फोनवर, मराठीत, कमी रेंजमध्ये तपासल्याशिवाय सुरू करू नये. आणि तेच काम ब्राउझरवर, एसएमएसवर किंवा खिडकीवर जाऊनही झालं पाहिजे. हे अशक्य नाही. *९९# दाबून बटणांच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. हरवलेला फोन बंद करायची, केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ची सोय संकेतस्थळावर आहे आणि मी ती ग्राहकांना आवर्जून दाखवते. त्याच नावाचं ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून देण्याचा आदेश २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस निघाला, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांत मागे घेतला गेला. चांगली सेवाही लादू नये, इतकंच लोक म्हणत होते.

दुसरी मागणी, फोनबरोबर आलेलं, फोन चालायला न लागणारं प्रत्येक ॲप मालकाला काढून टाकता आलं पाहिजे. युरोपने २०२२ च्या कायद्याने बड्या कंपन्यांवर हे बंधन घातलंय. आपल्याकडे ३२ जीबीचे फोन त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. आपल्याला त्याची गरजही जास्त.

तिसरी, परवानगी नाकारली म्हणून सेवा नाकारता येऊ नये, आणि आपल्या माहिती संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे वागलं की नाही याची तपासणी त्याच कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने तक्रारीची वाट न बघता करावी. कारण कुठल्या एसडीकेने कुठे काय धाडलं, हे मावशींना दिसत नाही. तक्रार करणार कोण आणि कशाची?

आपल्या हातातही थोडं आहे. बिलाच्या काउंटरवर मोबाईल नंबर सक्तीने मागता येत नाही, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. तेव्हा ‘नंबर देणार नाही, बिल द्या’ असं शांतपणे म्हणा. महिन्यातून एकदा परवानग्यांचं पान उघडा आणि कामाशी संबंध नसलेली प्रत्येक परवानगी काढून टाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवरही हे करा, त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून. पण खरं ओझं ग्राहकाच्या खांद्यावर टाकून कुणी मोकळं होऊ नये. माझ्यासारखी छोटी दुकानदार दुसऱ्याच्या फोनमध्ये कामापुरतंच बघायचं हे पथ्य पाळू शकते, तर हजारो इंजिनिअर पदरी बाळगणाऱ्या कंपन्यांना आणि सरकारी खात्यांनाही ते पाळता येईल. ते पाळत नसतील तर ती अडचण तंत्रज्ञानाची नाही, इच्छेची आहे. आणि ती इच्छा कायद्याच्या बडग्यानेच आणावी लागेल.